टाइम ऑफिसात नव्यानं बसणाऱ्यासाठी: कारखान्यात समान संधी आणायची कशी

सोमवारी सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याच्या गेटवर जाऊन उभं राहा. जाहिरात दिलेली नसते, पाटी लावलेली नसते, तरी आठच्या ठोक्याला दोन नवी पोरं वॉचमनशी बोलत उभी असतात. त्यांना जॉबरनं, म्हणजे कामगार आणून देणाऱ्या मुकादमानं, सांगितलेलं असतं आणि जॉबरला शेठनं: "दोन माणसं बघ रे, आपल्यातलीच." दुपारपर्यंत पोरं कामाला लागतात. यात कुणी कुणाचा अपमान केलेला नसतो, कुणाला दारातून परतही पाठवलेलं नसतं. त्या दोन जागा रिकाम्या होत्या हे बाकीच्या सोलापूरला कळलेलंच नसतं, एवढंच.

खासगी कारखान्यातला भेदभाव बहुतेक असाच असतो. कुणाला नाही म्हणायची वेळच येत नाही.

मी बावीस वर्षं टॉवेल आणि गारमेंटच्या कारखान्यांत टाइम ऑफिस, म्हणजे कामगारांची हजेरी, भरती आणि पगार बघणारी कचेरी, सांभाळलं. आता त्याच कामाला एचआर म्हणतात आणि त्या खुर्चीवर नवी मुलंमुली बसतात. कुणी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, करून आलेलं असतं, कुणी मालकाचीच सून किंवा मुलगा असतो. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "समान संधीचं धोरण पाहिजे म्हणतात, नमुना आहे का?" नमुना मिळेल हो. गाठ कागदाच्या मागे असते, म्हणून मी कामाच्या क्रमानं सांगते.

आधी एक गैरसमज

समान संधी म्हटलं की मालकाच्या कपाळावर आठी पडते, कारण त्याला 'आरक्षण' ऐकू येतं. दोन्ही वेगळं आहे. नोकरीतल्या आरक्षणाचं घटनेतलं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी कारखान्याकडून अपेक्षा आहे ती इतकीच, की ज्या गोष्टीचा कामाशी संबंध नाही, तिच्यामुळे कुणाचा अर्ज, पगार किंवा बढती अडू नये.

या अपेक्षेला कायद्याचं बळ आहे, पण ते एका ठिकाणी सापडत नाही. सगळ्या प्रकारच्या भेदभावाला पुरेल असा एकच कायदा खासगी क्षेत्रासाठी आपल्याकडे नाही, तुकडे आहेत. पगार आणि भरतीत लिंगावरून फरक करायचा नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं. तो आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दिव्यांगांसाठी २०१६ चा, तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा, एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ चा आणि लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा आहे. जातीच्या बाबतीत मात्र हात आखडलेला दिसतो. अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि नागरी हक्क संरक्षण कायदा अपमान, अस्पृश्यता, बहिष्कार यांना पकडतात. 'आडनाव वाचून अर्ज खाली सरकवला' हे त्यांच्या चिमट्यात सहसा येत नाही. म्हणून तिथं कायद्यापेक्षा तुमची कामाची पद्धत जास्त उपयोगी पडते.

पहिली पायरी: माणूस बघायच्या आधी काम लिहून काढा

जागा रिकामी झाली की जॉबरला फोन लावू नका. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहा: या जागेवरचा माणूस दिवसभर काय करणार, त्यासाठी पहिल्या दिवशी काय येत असायला हवं, काय महिन्याभरात शिकवता येईल, आणि पगार किंवा नगाचा दर किती.

सोपं वाटतं. करून बघा. टॉवेलच्या हेमिंगसाठी, म्हणजे कडा दुमडून शिवायला, आमच्याकडे 'दहावी पास' ही अट कित्येक वर्षं होती. कशासाठी, हे कुणालाच सांगता येईना. हेम मारायला सरळ शिलाई, वेग आणि मापपट्टी वाचता येणं लागतं. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळून पोरं मोठी केलेल्या कितीतरी बायका सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या आहेत आणि त्यांची बोटं आपल्या कुठल्याही मशीनवालीपेक्षा चपळ आहेत. त्या एका ओळीनं आम्ही त्यांना गेटबाहेर ठेवलं होतं. तसंच 'वय १८ ते ३०'. हेही नुसतं चालत आलेलं.

'फक्त महिला' आणि 'फक्त पुरुष' यांची तर सवयच लागलेली असते. वाइंडिंगला बाई, मागावर बाप्या, चेकिंगला आणि धागे काढायला बाई, प्रेसला आणि गाठी बांधायला बाप्या. मी स्वतः एकदा फळ्यावर लिहिलं होतं, "चेकिंगसाठी मुली पाहिजेत, नजर बारीक असते." एक मुलगा चेकिंग येतं म्हणून आला आणि फळा वाचून परत गेला. वॉचमननं संध्याकाळी हसत हसत सांगितलं, तेव्हा मीही हसले. आता आठवलं की हसू येत नाही. वजनाचं काम असेल तर 'गाठ इतक्या किलोची, दिवसात अमुक वेळा उचलावी लागते' असं लिहा. ज्याला जमेल तो किंवा ती येईल. कायद्यानं स्त्रियांना ज्या कामावर बंदी आहे तेवढं सोडून 'फक्त पुरुष' लिहायला कायद्याचा आधार नाही.

कापडाच्या गावात राहणाऱ्यानं एक जुनी गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत, आणि ते खातं जास्त पगाराचं. कारण काय सांगत? कांडी बदलली की धोट्याच्या (शटलच्या) भोकातून धागा तोंडानं ओढून काढावा लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हे खातं खुलं करण्याचा प्रश्न पुढे आणला होता. आज नव्या रेपियर मागात धोटाच नसतो. पण 'या कामाला या घरचीच माणसं बरी' हे वाक्य अजून शाबूत आहे. काम कागदावर लिहिलं, की या वाक्याला कागदावर जागा मिळत नाही.

दुसरी पायरी: बातमी गल्लीबाहेर जाऊ द्या

ओळखीनं माणूस आणणं बंद करा, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही. ओळखीचा माणूस टिकतो, उचल बुडवून पळत नाही, ही मालकाची धारणा आहे आणि तिच्यात तथ्य आहे. फक्त ओळख हा *एकच* रस्ता ठेवू नका.

आमच्या एका कारखान्यात वर्षभरातली भरती मी नकाशावर टिंबं मारून बघितली. जवळपास सगळी टिंबं दोनच गल्ल्यांत पडली. जॉबरच्या मनात खोट नव्हती. तो ज्या गल्लीत राहतो तिथं त्यानं सांगितलं, बस.

मग आम्ही असं सुरू केलं. जागा निघाली की गेटवरच्या फळ्यावर निदान पाच दिवस आधी लिहायची. तोच मजकूर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत छापून विडी घरकुल, कुंभारी, नई जिंदगी, बुधवार पेठ, सेटलमेंट इथल्या किराणा दुकानांत आणि बचत गटांच्या बायकांकडे द्यायचा. आयटीआयला कळवायचं, जिल्हा कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्राला कळवायचं, महास्वयं पोर्टलवर टाकायचं. दिव्यांगांच्या संस्थांना वेगळा फोन करायचा, कारण कारखान्यात आपल्याला कुणी घेईल यावर त्यांचा विश्वासच नसतो. एकदा फोन करून भागत नाही.

सेटलमेंटचं नाव मुद्दाम घेतलं. ब्रिटिशांनी काही जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारून त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, तिथली ही वस्ती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तरी आधार कार्डावरचा पत्ता वाचून भुवई वर गेलेली मी कचेरीत पाहिली आहे, आणि ती एकाच कचेरीत नाही.

तिसरी पायरी: अर्जाचा कागद साफ करा

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा छापील अर्ज कधी वाचलाय का? नाव, वडिलांचं नाव, जात, धर्म, विवाहित की अविवाहित, मुलं किती. मी सहा वर्षं तोच वापरला. का, तर शंभराचा गठ्ठा स्वस्तात मिळायचा.

आता आमच्या अर्जात नाव, फोन, येणारं काम, पूर्वी कुठं केलं, कोणती पाळी जमते आणि 'काम करताना काही सोय लागेल का' एवढंच असतं. बाकीचं सगळं निवड झाल्यावर.

कागदपत्रांत खरी मेख आहे शाळा सोडल्याच्या दाखल्याची. आपल्याकडे वयाचा पुरावा म्हटलं की लोक पहिल्यांदा तोच काढतात आणि त्यावर जात छापलेली असते. टाइम ऑफिसातल्या कारकुनानं मुद्दाम बघायची गरजच नाही, डोळ्यासमोर येतेच. म्हणून नियम करा: दाखला, आधार, बँक पासबुक हे सगळं *निवडीनंतर*. गेटवर पहिल्या दिवशी फक्त अर्ज. अर्जांना क्रमांक द्या आणि निवड करणाऱ्यापुढे नाव-पत्त्याचा वरचा भाग दुमडून ठेवा. हे जास्तच वाटत असेल तर एक अभ्यास सांगते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच तयारीचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत ठेवला. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. दलित वाटणाऱ्या नावांना बोलावणी कमी आली, मुस्लीम नावांना त्याहून कमी. कंपन्या शिकल्या-सवरलेल्यांच्याच होत्या.

एचआयव्हीची तपासणी नोकरीसाठी मागायची नाही, २०१७ चा कायदा स्पष्ट आहे. 'गरोदर नाही' असा डॉक्टरचा दाखला मागणारेही मी पाहिलेत. मागू नका.

चौथी पायरी: बोलणं कमी, काम जास्त

मुलाखतीत आपली माणसं जात विचारत नाहीत. ती विचारतात, "गाव कुठलं?" मग "आडनाव काय म्हणालात?" आणि तरी उलगडा झाला नाही, तर हळूच, "म्हणजे कुणाच्यातले?" मुलींना "लग्न ठरलंय का?", लग्न झालेलीला "मूल एवढ्यात नाही ना?", चाळिशीच्या बाईला "घरचे पाठवतील ना रोज?" विचारणाऱ्याला यात गैर काही वाटत नाही, आपुलकीच वाटते.

उपाय साधा आहे. प्रश्न आधी लिहा आणि सगळ्यांना तेच विचारा, त्याच क्रमानं. पाळीची काळजी असेल तर 'सकाळी ८ ला यायला जमेल का, महिन्यात दोनदा ओव्हरटाइम जमेल का' हे बाप्यालाही विचारा. त्यालाही घरी म्हातारी आई असते.

त्यानंतर मशीनवर बसवा. गारमेंटला आम्ही युनिफॉर्मच्या शर्टाचे खिसे लावायला देतो. कापड तेच, वेळ तेवढाच, आणि मोजायच्या तीनच गोष्टी: किती झाले, किती छाटले (खराब म्हणून बाजूला काढले), शिलाई सरळ आहे का. दोन जणांनी वेगवेगळे गुण द्यायचे, मग बेरीज. विडीवाल्या बायकांना छाट हा शब्द चांगलाच माहीत. कारखानदार छाट काढायचा तेव्हा कारण सांगत नसे. आपण सांगायचं. ज्याला घेतलं नाही त्याला निदान एक ओळ: वेग कमी पडला, दोन महिन्यांनी परत या. आणि अर्ध्या दिवसाहून जास्त काम करून घेतलं तर त्याचे पैसे द्या. 'ट्रायल'च्या नावाखाली फुकट माल काढून घेणं हा चोरटेपणाच म्हणायचा.

भाषेचं एक सोलापुरी त्रांगडं आहे. पूर्व भागातल्या पुष्कळ कारखान्यांत मशीनशेजारची भाषा तेलुगू. सुपरवायझर तेलुगूत सांगतो, मराठी किंवा उर्दू बोलणारी नवी पोरगी नुसती बघत राहते, आणि आठवड्यानं शेरा पडतो: 'समज कमी.' उलट कचेरीत इंग्रजी फाडणाऱ्या साहेबापुढे घरी तेलुगू बोलणारा हुशार कारागीर गप्प बसतो. माणूस ज्या भाषेत काम शिकेल ती भाषा बोलणारा कुणीतरी पहिले पंधरा दिवस त्याच्या शेजारी बसवा. एवढ्यानं निम्मे 'समज कमी' गायब होतात, असा माझा अनुभव आहे.

निवड झाली की नेमणूकपत्र द्या. नव्या कामगार संहितांनी ते सगळ्या कामगारांसाठी सक्तीचं केलं आहे. त्यात कामाचं नाव, दर आणि तारीख असली म्हणजे पुढची पायरी सोपी जाते.

पाचवी पायरी: पगारपत्रक नावांशिवाय वाचा

सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि सगळ्यात जास्त सापडणारी गोष्ट इथं आहे. एका सुट्टीच्या दिवशी पगारपत्रकाची प्रत काढा. नावाचा रकाना झाका. ओळी कामाप्रमाणे लावा: सगळे हेमिंगवाले एकत्र, सगळे पॅकिंगवाले एकत्र. मग शेवटचा रकाना वर-खाली वाचा.

फरक दिसतील. काही योग्य असतात: नोकरीची वर्षं, दोन मशीन येतात, रात्रपाळीचा भत्ता. काहींचं कारण विचारलं की उत्तर येतं, "पहिल्यापासून तसंच आहे की." त्या फरकांचा झाकलेला रकाना उघडा. वरची नावं पुरुषांची, खालची बायकांची, असं पुन्हा पुन्हा दिसेल.

नव्या माणसाला दोन फसव्या जागा इथं अडवतात.

पहिली म्हणजे पदनाम. पुरुष 'पॅकिंग ऑपरेटर' आणि बाई 'हेल्पर', पण दोघंही टॉवेलची घडी घालतात, लेबल लावतात, डझन मोजतात. कायदा पदनाम बघत नाही. काम तेच किंवा *त्याच स्वरूपाचं* आहे का, म्हणजे कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे का, हे बघतो. मॅकिनन मॅकेन्झी या खासगी कंपनीत स्त्री स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार मिळायचा. ऑड्री डिकॉस्टा यांनी दावा लावला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि वर हेही सांगितलं, की 'आमची ऐपत नाही' हे बाईला कमी पगार द्यायचं कारण होऊ शकत नाही. मंदीचं रडगाणं गाणाऱ्या मालकाला हा निकाल शांतपणे वाचून दाखवा.

दुसरी जागा म्हणजे नगाचा दर. मालक म्हणेल, "उक्त्याचं काम आहे, जितकं कराल तितकं मिळेल, यात भेदभाव कुठला?" दर सारखाच असतो, खरंय. पण माल कोण वाटतो? सोप्या शिलाईचा, मोठ्या लॉटचा माल कुणाच्या टेबलावर पडतो आणि दर दहा नगांना धागा बदलावा लागणारा रंगीबेरंगी माल कुणाला मिळतो? महिनाभर लॉटची वही ठेवा. कुणाला कोणता लॉट, कोणत्या तारखेला. मला यात जे दिसलं त्यानंतर आम्ही माल पाळीपाळीनं वाटायला लागलो. सुपरवायझर तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही.

दर सारखे करायचे तर खालचा वर आणायचा. वरचा खाली ओढायला वेतन संहितेनं मनाई केली आहे. एकदम जमत नसेल तर मालकाकडून तारखा लिहून घ्या, पण पहिली वाढ याच दिवाळीआधी पडली पाहिजे.

पाळी, पाळणा आणि परतीची गाडी

गारमेंटमधून बायका का सोडून जातात, याची यादी आम्ही दोन वर्षं ठेवली. पगार हे कारण वर असेल असं वाटलं होतं. वर निघाली परतीची रिक्षा. चिंचोळी एमआयडीसी पुणे रस्त्यावर शहराबाहेर. साडेसहाला सुटून शेअर रिक्षा बदलत कुंभारीला पोचायला आठ वाजतात. सुटायची वेळ अर्धा तास अलीकडे घेतली आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर लावली, तर गळती थांबल्यासारखी झाली. ही सोय समान संधीच्या कुठल्याच नमुन्यात लिहिलेली नसते. संध्याकाळी ७ नंतर किंवा सकाळी ६ आधी बायकांना काम द्यायचं, तर त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय दोन्ही लागतात. संमती लेखी घ्या. नकार दिला म्हणून दिवसपाळीतलं काम काढून घेतलं, तर त्या संमतीला अर्थ राहत नाही.

बाळंतपणाबद्दल लहान कारखानदारांत भलतीच भीती आहे. "सहा महिने घरी बसवून पगार द्यायचा? त्यापेक्षा बाई नको." इथं एकच गोष्ट नीट समजावली तर अर्धी भीती जाते: कामगार ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल, म्हणजे दहा किंवा जास्त माणसांचा कारखाना आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत, तर बाळंतपणाच्या रजेचा पगार मालकाच्या खिशातून जात नाही, ईएसआय देतं. मालक दरमहा ३.२५ टक्के भरतो आहेच. पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे, त्यापुढे १२. ईएसआयबाहेरच्या बाईला ती मालकानं द्यायची, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की. रजेवर असताना काढून टाकता येत नाही. ५० माणसांपासून पाळणाघर लागतं, आणि मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसातून दोन वेळा सुट्टी.

सुट्ट्यांच्या यादीकडेही एकदा बघा. गड्ड्याच्या यात्रेला सगळं सोलापूर बंद असतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव म्हणून पूर्व भाग बंद. मग ईदला गैरहजेरी लावून पगार कापायचा आणि १४ एप्रिलला "संध्याकाळी जा की मिरवणुकीला" म्हणायचं, हे कसं चालेल? ठरलेल्या सुट्ट्यांखेरीज दोन ऐच्छिक सुट्ट्या ठेवा. ज्याचा सण त्यानं घ्यावी. खर्च जवळपास शून्य.

तक्रार कुणाकडे?

दहा माणसं झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच. अध्यक्ष कारखान्यातली वरिष्ठ बाई, निम्म्याहून कमी बायका नकोत, एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. समितीच नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, आणि चौकशी ९० दिवसांत पुरी करायची. हे सगळं तक्त्यावर असतं. मी दोन गोष्टी वाढवते. मालकाची बायको किंवा बहीण अध्यक्ष करू नका. कागदावर बसेल, पण तिच्यापुढे कुणी तोंड उघडणार नाही. आणि बाहेरची सदस्य तेलुगू किंवा कन्नड समजणारी मिळाली तर सोनं. रडत असलेली बाई दुसऱ्या भाषेत साक्ष देत नाही.

जिथं दहाहून कमी माणसं आहेत, म्हणजे घराखालचे चार-सहा माग किंवा शिलाईची खोली, तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार मालकाविरुद्धच असेल तरीही तीच. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करायची.

पगार, बढती, वागणूक या बाकीच्या तक्रारींसाठी २० कामगारांपासून तक्रार निवारण समिती लागते, मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे. तृतीयपंथी व्यक्तींच्या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमायचा असतो. लहान कारखान्यात तो बहुधा तुम्हीच असाल. पिण्याच्या पाण्याचा माठ, डबा खायची जागा, संडास यांबद्दल आलेली तक्रार 'किरकोळ' म्हणून बाजूला ठेवू नका. जातीचं दुखणं कारखान्यात बहुधा माठापाशीच बाहेर पडतं.

दिव्यांग कामगार

प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण जाहीर करायचं, हे २०१६ च्या कायद्यात आहे. २० किंवा अधिक माणसं असतील तर त्यात दिव्यांगांना योग्य जागा, निवडीची पद्धत, सोयी आणि एका संपर्क अधिकाऱ्याचं नाव लागतं. सुरुवातीला म्हटलेला 'नमुना' इथं खरोखर लागतो. जागांची यादी कचेरीत बसून करू नका. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असलेल्या दोन-तीन जणांना कारखाना फिरवा आणि त्यांनाच विचारा. आम्ही यादीत फक्त फोन उचलण्याचं काम लिहिलं होतं. पायानं अधू असलेल्या एकानं ओव्हरलॉक शिलाई मशीनचं पायडल बघून विचारलं, "हे हातावर करता येत नाही का?" मेकॅनिकनं करून दिलं. कर्णबधिर मुलं कारखान्यात चांगली रमतात, पण आगीच्या भोंग्यासोबत दिवा लावायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो, तालमीच्या दिवशी लक्षात आलं.

बढती, आणि मालकाशी बोलणं

बढतीचं थोडक्यात. मशीन बिघडलं की मेकॅनिकशेजारी कोण उभं राहतं ते बघा. पोरं उभी राहतात, बाई बाजूला बसून चहा पिते. वर्षानं 'मशीनची माहिती आहे' म्हणून सुपरवायझर पोरगाच होतो. दुरुस्तीच्या वेळी मशीन चालवणारी बाई तिथंच थांबली पाहिजे, असा नियम करा. आणि सुपरवायझरची जागासुद्धा फळ्यावर लिहा.

मालकाला हे सगळं एकाच बैठकीत सांगू नका. माझा क्रम असा: पहिल्या महिन्यात अर्ज बदला आणि दाखला निवडीनंतर मागा. परवानगीसुद्धा लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फळा आणि मशीनवरचं चाचणीचं काम. मग समिती, कारण दंडाची भीती मालकाला लवकर कळते. पगारपत्रक सगळ्यात शेवटी, पण वर्ष संपायच्या आत. तोवर नव्या पद्धतीनं घेतलेली माणसं टिकलेली दिसतात आणि मालक ऐकून घेतो. "मानवतेच्या दृष्टीनं" म्हणून सुरुवात केलीत तर चहा मिळेल, सही मिळणार नाही. निर्यातीचा माल असेल तर परदेशी गिऱ्हाइकाचा ऑडिटर हेच प्रश्न विचारतो, ते आधी सांगा.

तुमचं कुणी ऐकलंच नाही आणि एखादी कामगार बाई "आता कुठं जाऊ?" म्हणून विचारायला आली, तर तिला सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय सांगा आणि जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण सांगा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कारखान्यातले कामगार यांना तिथं वकील फुकट मिळतो. पगाराच्या फरकाचा दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो, म्हणून नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि नग लिहिलेली डायरी जपून ठेवायला सांगा. तुमच्याकडच्या लॉटच्या वह्याही रद्दीत घालू नका.